वाचकांचे प्रश्न: नाव कुठल्या गटात घालायचं?

यावेळच्या पत्रांत बरीचशी पत्रं एकाच विषयावर आली. आमच्या पोरीला पोरांबरोबर खेळू द्यावं का, कुठल्या खेळात ती बरोबरीनं खेळू शकते, कुठल्या खेळात नाही. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि सगळी जागा यालाच देतेय.

ताई, आमची मुलगी आठवीत आहे, बुद्धिबळ खेळते. आमच्यात तिच्या काकांनीच शिकवलं तिला. बेळगावात टुर्नामेंट आहे, त्यात ओपन आणि गर्ल्स असे दोन गट आहेत. पोरगी म्हणते मी ओपनमध्येच खेळणार, आणि तिचे काका म्हणतात गर्ल्समध्ये घाला, ट्रॉफी तरी हातात येईल, ओपनमध्ये पोरं हिला उभी राहू देणार नाहीत. काय करावं? (एक आई, खानापूर)

पोरगी म्हणतेय तेच करा. ओपनमध्ये नाव घाला, आणि काकांना सोबत घेऊन जा, कारण शिकवलंय त्यांनीच, तर ती पोरांसमोर कशी बसते तेही त्यांनी डोळ्यांनी बघू दे.

ओपन हा पोरांचा गट नाही ताई. त्यात कुणीही खेळू शकतं, मुलगी पण, सत्तर वर्षांचे आजोबा पण. आणि हे काही आपोआप झालेलं नाही, त्याच्यासाठी भांडावं लागलंय, आणि भांडलेली पोरगी आपली मराठीच होती. रोहिणी खाडिलकर. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांची मुलगी. १९७६ ला, वय वर्षं तेरा, ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली आणि मोठाच गदारोळ झाला, बाईनं पुरुषांत खेळायचंच कसं म्हणून. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, आणि शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बायकांना बाई म्हणून अडवता येणार नाही. वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघी बहिणींनी देशातलं महिला विजेतेपद वर्षानुवर्षं घरातच ठेवलं होतं, पण मला विचाराल तर त्या सगळ्या कपांपेक्षा तेरा वर्षांच्या पोरीनं उघडलेलं हे दार मोठं आहे. तुमची मुलगी आज ओपनचा फॉर्म भरतेय तो या दारातूनच.

आता काकांची शंका, की पोरं उभी राहू देणार नाहीत. हंगेरीची ज्युडिट पोल्गार बघा. वडिलांनी ठरवलं की पोरींना बायकांच्या स्पर्धेत अडकवायचं नाही, आणि ज्युडिट महिलांच्या जागतिक विजेतेपदासाठी कधी खेळलीच नाही, सरळ पुरुषांतच खेळत राहिली. १९९१ ला पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातली सगळ्यात मोठी पदवी घेतलेली खेळाडू झाली, बॉबी फिशरचा सगळ्यात लहान ग्रँडमास्टरचा विक्रम मोडून. २००५ ला रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, २७३५, जगात आठवा नंबर, बायकांत नव्हे हां, सगळ्यांत. आणि २००२ ला मॉस्कोत रॅपिड म्हणजे कमी वेळाच्या डावात तिनं माजी जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, तोच कास्पारोव्ह जो पूर्वी बायकांच्या बुद्धिबळाबद्दल फार हलकं बोलायचा.

मग वरच्या शंभरात बायका इतक्या कमी का, असं काका विचारतीलच. एक मोठं कारण साधं आहे, खेळणाऱ्याच कमी आहेत. हॉलमध्ये शंभर पोरं आणि दहा पोरी असतील तर पहिल्या पाचात पोरीचं नाव येण्याची शक्यता मुळातच कमी, त्यात डोक्याचा काय संबंध. आणि पोरी कमी का तर तेही आपल्याला माहीत आहे. पोरगा असला की बाप रविवारी पहाटे मिरज पॅसेंजर पकडून सांगलीला स्पर्धेला घेऊन जातो, हुबळीला मुक्काम करतो, आणि पोरगी असली की पहिला प्रश्न सोबत कोण जाणार, दुसरा प्रश्न राहायचं कुठं, आणि दहावीच्या वर्षी तर आधी एसएसएलसी बघू म्हणून पट गुंडाळून माळ्यावर. मुलगा एसएसएलसीत असताना मात्र खेळ चालू राहतो. हे मी खूप घरांत बघितलंय आणि मला त्याचा राग येतो.

एक व्यवहाराची गोष्ट पण सांगते. बऱ्याच ओपन स्पर्धांत 'उत्कृष्ट मुलगी' असं वेगळं बक्षीस असतं, आणि नियम साधारण असा असतो की एका खेळाडूला एकच बक्षीस, जे मोठं असेल ते. म्हणजे ओपनमध्ये खेळून पण ट्रॉफीची आशा राहते. फक्त पोरीला ते बक्षीस डोळ्यांसमोर ठेवून खेळू देऊ नका. कारण मग काय होतं, शेवटच्या फेरीत ती समोरच्याचा डाव बघायचं सोडून बाकीच्या मुलींचे पॉइंट किती झाले तेच मोजत बसते, आणि जिंकायचा डाव बरोबरीत सोडून देते.

गर्ल्सचे गट वाईट आहेत असं मात्र अजिबात म्हणायचं नाही मला. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ ला जॉर्जियात बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकली, फायनलला कोनेरू हम्पीला हरवून, आणि त्या एका विजयानं ती थेट ग्रँडमास्टर झाली, महिला ग्रँडमास्टर नव्हे, पूर्ण ग्रँडमास्टर. तेव्हा महिलांच्या स्पर्धेत पण खेळू दे, ओपनमध्ये पण खेळू दे. पण एकातच नाव घालायचं असेल तर ओपन.

मी पीयूसी फर्स्ट इयरला (अकरावीला) आहे, एनसीसीत आहे. कॅम्पला फायरिंगमध्ये माझं ग्रुपिंग सगळ्या मुलांपेक्षा चांगलं आलं. सर खूश झाले पण मुलं म्हणतात फ्लूक आहे. नेमबाजीत मुली खरंच मुलांच्या बरोबरीच्या असतात का? (एक कॅडेट, बेळगाव)

असतात, आणि तुझा फ्लूक नाही. ग्रुपिंग म्हणजे सगळ्या गोळ्या एकमेकींजवळ लागल्या, नशिबानं एक गोळी लागते, पाच जवळजवळ लागत नाहीत.

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका असतो ना, तो अर्ध्या मिलिमीटरचा असतो, मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान. दहा मीटरवरून, उभं राहून, कशाला न टेकता तो मारायचा. तिथं दंडाची ताकद कामाची नाही. श्वास अर्धा सोडून थांबवायचा, छातीतला ठोका रायफलच्या टोकाला जाणवतो तो पण ओळखायचा, आणि दोन ठोक्यांच्या मधे बोट असं दाबायचं की आपल्यालाच कळू नये कधी सुटली. यात मुलगा मुलगी काय फरक.

पूर्वी ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचे बरेच प्रकार एकत्रच होते. १९७६ ला मॉन्ट्रियलला थ्री पोझिशन रायफलमध्ये (झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून) अमेरिकेची मार्गारेट मर्डॉक आणि तिचाच टीममेट लॅनी बॅशम यांचे पॉइंट सारखे झाले, टाय ब्रेकमध्ये गोल्ड त्याला दिलं. त्याला ते पटलं नाही. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा त्यानं तिला हात धरून वरच्या पायरीवर आपल्या शेजारी ओढून घेतलं. मला हा माणूस फार आवडतो.

आणि मग १९९२, बार्सिलोना. स्कीट म्हणजे हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायच्या. चीनची झांग शान पुरुषांबरोबर खेळली, फायनलच्या आधीच्या २०० तबकड्यांपैकी २०० फोडल्या, एक पण सुटली नाही, आणि शेवटी २२५ पैकी २२३ करून गोल्ड घेतलं. दोन नंबर आणि तीन नंबरच्या पुरुषांनी तिला पोडियमवर उचलून धरलं. एवढं सगळं झाल्यावर पुढच्या अटलांटा ऑलिम्पिकला, १९९६ ला, स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवलं आणि बायकांचा वेगळा गट पण काढला नाही. म्हणजे चॅम्पियन बाईला आपलं पदक राखायलाच मिळालं नाही. बायकांचं स्कीट यायला २००० चं सिडनी उजाडलं. आज तीस वर्षं झाली तरी हे वाचताना मला चीड येते, वेगळा गट करा ना, पण गट न करता दार बंद करायचं हा कुठला न्याय.

आता सगळे प्रकार वेगळे आहेत, पण बरोबरी हळूहळू येतेय. पूर्वी एअर रायफल आणि एअर पिस्तूलला पुरुष ६० शॉट आणि महिला ४० असायचं, २०१८ पासून दोघांना ६०. मिक्स्ड टीम पण आली, पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी त्यातच ब्राँझ आणलं. तिरंदाजीत तर त्याच पॅरिसला मजा झाली, तिथं पुरुष आणि महिला दोघंही ७० मीटरवरून ७२ बाण मारतात, एकाच मैदानावर, एकाच दिवशी पहिली फेरी झाली, कोरियाच्या लिम सिह्योननं ७२० पैकी ६९४ मारले आणि पुरुषांत पहिला आलेल्या किम वूजिननं ६८६. त्याच देशाचा, जगातला नावाजलेला तिरंदाज. हा आकडा तुझ्या त्या मित्रांना जरूर सांग.

आणि आपल्याला लांब कुठं जायला नको, कोल्हापूर शेजारीच आहे. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्सला पिस्तूलमध्ये गोल्ड घेतलं. दोघी कोल्हापूरच्या. सुट्टीत तिकडच्या एखाद्या रेंजवर जाऊन ये. स्वतःची रायफल घ्यायची घाई करू नकोस, खूप महाग असते, आधी क्लबच्या रायफलवर सराव कर, आणि रोज घरी नुसतं होल्डिंग कर, भिंतीवर ठिपका काढायचा आणि त्यावर नेम धरून उभं राहायचं. आधी पाच मिनिटं, मग वाढव.

चन्नम्मा सर्कलला कित्तूरची राणी चन्नम्मा घोड्यावर बसलेली आहे, ते बघून माझी बहीण विचारते की आता बायका घोड्यावरच्या स्पर्धेत असतात का? आमच्या गावच्या जत्रेत घोडागाडीची शर्यत होते तिथं तर एक पण बाई नसते. (नववीतला वाचक, चिकोडी तालुका)

बहिणीला सांग, असतात, आणि पुरुषांच्या विरुद्धच असतात. ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारी हा असा खेळ आहे की जिथं बायकांचा वेगळा गटच नाही. एकच स्पर्धा, एकच पदक.

आधी इथं पण पुरुषच खेळायचे, बहुतेक लष्करातले ऑफिसर. १९५२ ला हेलसिंकीला ड्रेसाज हा प्रकार, म्हणजे घोड्याला तालात, शिस्तीत चालवायचा, बायकांना खुला झाला. त्याच वर्षी डेन्मार्कची लिस हार्टेल सिल्व्हर घेऊन आली. तिला १९४४ ला पोलिओ झाला होता, गुडघ्याखाली पायांत जीव नव्हता, घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणसं लागायची. पायानं टाच मारता येत नाही आणि घोड्याला सांगायचं तरी कसं, तर कमरेच्या हालचालीनं, बसण्याच्या वजनानं. अशी बाई धडधाकट पुरुष ऑफिसरांना मागे टाकून दुसरी आली. पॅरिसला २०२४ मध्ये तर याच प्रकारात पहिल्या तिन्ही जागा बायकांनी घेतल्या. आपल्याकडचं पण आहे, २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्सला भारताच्या ड्रेसाज टीमनं गोल्ड घेतलं, घोडेस्वारीत एक्केचाळीस वर्षांनी, आणि त्या चौघांत दोन मुली होत्या, सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग.

जत्रेतल्या गाड्यावर बाई नसते कारण तिला लगाम कुणी हातात दिला नाही. घोड्याला कळत नाही मागे कोण बसलंय.

मी फौजेतून रिटायर झालोय, लहानपणापासून कुस्त्या बघत आलोय. मिक्स्ड कुस्ती हा प्रकार काय मला पटत नाही. तुमचं मत काय? (एक आजोबा, बेळगाव)

आजोबा, कुस्तीत मी तुमच्याच बाजूनं आहे. वजन सारखं असलं तरी पुरुषाच्या खांद्यात आणि पकडीत ताकद जास्त असते, म्हणून वेगळे गट बरोबर आहेत. तरी पण हमीदा बानू विसरू नका. १९५४ ला बडोद्यात तिनं बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदात चीत केलं होतं. पण ती हमीदा होती, तिच्यावरून प्रत्येक पोरीला पुरुषासमोर आखाड्यात उतरवायचं म्हटलं तर ते चूक होईल.

कुस्तीत पोरींना काय पाहिजे तर आखाड्यात सरावाला वेळ, आणि जत्रेतल्या फडात महिलांच्या जोड्या आणि त्यांना पुरुषांसारखाच इनाम. आपल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव २०१८ च्या एशियन गेम्सला कुराशमध्ये ब्राँझ घेऊन आली ना. कुराश म्हणजे कुस्ती-ज्यूदोच्याच घराण्यातला खेळ. तुमच्या शब्दाला गावात मान असेल, पुढच्या फडाला कमिटीला तेवढं सांगून बघा.

मी हायस्कूलला पीटी शिकवतो. सातवीपर्यंत मुलं मुली एकत्र खेळतात, मुली बऱ्याचदा जिंकतात पण. आठवी-नववीनंतर मुली मागे पडतात आणि खेळणंच सोडतात. शाळेत एकत्र खेळवावं का? (एक शिक्षक, निपाणी)

सर, तुम्ही जे बघताय ते बरोबरच बघताय. वयात येईपर्यंत फरक अगदी थोडा असतो, मुली आधी वाढतात म्हणून सहावी-सातवीत कधी कधी पुढेच असतात. नंतर मुलांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कितीतरी पटीनं वाढतं, स्नायू वाढतात, हाडं रुंद होतात, रक्तात हिमोग्लोबिन वाढतं. हा फरक सरावानं पूर्ण भरून निघत नाही. शंभर मीटरला पुरुषांचा विक्रम ९.५८ सेकंद आणि बायकांचा १०.४९, दोन्ही वर्षानुवर्षं तसेच आहेत. म्हणूनच व्हॉलीबॉलचं नेट पुरुषांना २.४३ मीटर आणि महिलांना २.२४, गोळा ७.२६ किलो आणि ४ किलो. पळणं, फेकणं, कबड्डी यात गट वेगळे पाहिजेतच, नाहीतर क्लस्टरच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) पुढे तालुक्याला एक पण पोरगी जाणार नाही.

पण मागे पडणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. सोडून देतात त्याची कारणं हार्मोनमध्ये शोधू नका. शाळेत कपडे बदलायला खोली आहे का, पाळीच्या दिवसांत सरांना सांगायचं कसं, शेवटची बस चुकली तर गावाला जायचं कसं, ही कारणं आहेत. तुमच्या शाळेतल्या एखाद्या बाईंना मैदानावर सोबत घ्या, निम्मा प्रश्न तिथंच सुटेल.

एकत्र खेळवायला एक चांगला खेळ सुचवते, कॉर्फबॉल. १९०२ ला हॉलंडमधल्या एका शिक्षकानंच शाळेसाठी काढलेला. प्रत्येक टीममध्ये चार मुलं चार मुली, साडेतीन मीटर उंच खांबावर बिन बोर्डाची टोपली, बॉल घेऊन पळायचं नाही, आपटत न्यायचं नाही, फक्त पास द्यायचा, आणि मुलानं मुलालाच अडवायचं, मुलीनं मुलीलाच. त्यामुळं दांडगाई चालत नाही आणि मुलीला पास दिल्याशिवाय टीम जिंकत नाही. दोन खांब आणि दोन टोपल्या, एवढ्यावर तुमच्या मैदानात सुरू होईल.

मी बत्तीस वर्षांची आहे, पहाटे पळते. घरचे म्हणतात बाईच्या अंगात लांब पळायचा दम नसतो. खरं आहे का? (टिळकवाडी)

अंतर जितकं वाढत जातं तितका हा समज खोटा ठरत जातो. २०१९ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये स्पाइन रेस म्हणून सुमारे ४३० किलोमीटरची शर्यत झाली, डोंगरातून, थंडीत, रात्रंदिवस. जास्मिन पॅरिस ८३ तास १२ मिनिटांत पहिली आली, सगळ्या पुरुषांच्या पुढे, आधीचा विक्रम १२ तासांनी मोडून. तिची मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती, वाटेत थांब्यांवर ती अंगावरचं दूध काढून ठेवत होती. पाण्यातलं सांगायचं तर १९२६ ला गर्ट्रूड एडर्लीनं इंग्लिश खाडी साधारण साडेचौदा तासांत पोहून पार केली, तोपर्यंतच्या सगळ्यात वेगवान पुरुषापेक्षा जवळपास २ तास आधी. आणि २०१९ ला सारा थॉमसनं तीच खाडी न थांबता चार वेळा पार केली, ५४ तास, जे तोपर्यंत कुठल्याच माणसाला जमलं नव्हतं. ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार संपून तिला वर्षच झालं होतं.

लहान अंतरात पुरुष पुढेच राहतात, आणि मोठ्या शर्यतीत पण बहुतेक वेळा पुरुषच जिंकतात, ते खोटं सांगणार नाही. पण दम नसतो हे घरच्यांचं म्हणणं साफ चुकीचं आहे. आयर्न तपासून घ्या, बूट चांगले घ्या, आणि पळत राहा.

कॅरममध्ये तर ताकद लागत नाही, मग तिथं महिलांचा गट वेगळा का? (गल्लीतल्या मंडळाचा कार्यकर्ता, शहापूर)

शरीराचं काहीच कारण नाही. स्ट्रायकर फार तर १५ ग्रॅमचा. फरक पडतो तो बोर्डावर घालवलेल्या तासांचा. तुमच्या मंडळाच्या खोलीत बोर्ड मांडलेला असतो, पोरं रात्री बारापर्यंत तिथं असतात, आणि गल्लीतली एखादी पोरगी तिथं खेळताना दिसते का सांगा बरं. तिनं कितीही मनात आणलं तरी सराव करायचा कुठं.

तर तुमच्यापासूनच सुरू करा. संध्याकाळी सहा ते आठ बोर्ड पोरींना द्या, पावडर-सोंगट्या मंडळाच्या, आणि त्या वेळात पोरांनी खोलीत गर्दी करायची नाही. गणपतीत स्पर्धा ठेवाल तेव्हा महिलांचा गट ठेवा, पण मेन गटाच्या अर्जावर 'पुरुष' असं छापू नका. पहिल्या वर्षी एखादीच येईल. तिचा सामना पहिल्या दिवशी, वेळेवर लावा आणि रात्री अकराला ढकलू नका, म्हणजे पुढच्या वर्षी तिच्यासोबत आणखी दोघी येतील.